वजन तुमचं कमी करायचंय, डंबेलचं नाही

डाएट सुरू केलं की जिममध्ये एक ठरलेला सल्ला मिळतो, 'कटिंग (म्हणजे चरबी उतरवणं) चालूय ना, मग वेट कमी कर आणि रेप्स (एका दमात किती वेळा उचलायचं ते) वाढव'. मलाही मिळाला, आणि मी दोन महिने इमानेइतबारे पाच किलोचे डंबेल पंचवीस-पंचवीस वेळा हलवले, तेही शेजारच्याशी गप्पा मारत. वजनकाटा खाली आला, शर्ट दंडात ढिला झाला, पोट मात्र बऱ्यापैकी जागच्या जागी.

होतं काय, की खाणं कमी पडलं की शरीर चरबी तर वापरतंच पण स्नायूही मोडायला घेतं, आणि कुठला स्नायू ठेवायचा हे बरंचसं त्याच्यावर ताण किती येतो त्यावर ठरतं. 2017 मध्ये अमेरिकेत 65 च्या पुढच्या लठ्ठ लोकांवरचा एक अभ्यास आला, व्यायाम करणाऱ्या सगळ्यांना डाएट होतंच, व्यायाम मात्र वेगवेगळा. वजन जवळपास सारखंच उतरलं, साधारण 9 टक्के, पण नुसतं कार्डिओ (चालणं, सायकल वगैरे दमाचा व्यायाम) करणाऱ्यांचा चरबी सोडून बाकीचा भाग 5 टक्के गेला आणि वजनं उचलणाऱ्यांचा फक्त 2.

आपल्याला हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला एक फोटो फेमस आहे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! म्हणजे आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाचीही स्नायूंची शिल्लक मुळात कमी असू शकते, त्यातून अजून काढायची कशाला?

मग रुटीन कुठलं? माझ्या मते आठवड्यातून तीन दिवस फुल बॉडी, म्हणजे दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ असं वाटून घेतलं आणि ऑफिसमुळे एक दिवस बुडला की पाठीचा नंबर थेट पुढच्या आठवड्यात. एक स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), एक डेडलिफ्टच्या जातीचं काही (वाकून जमिनीवरून वजन उचलायचं), एक ढकलायचं (जोर पण चालतील), एक ओढायचं, प्रत्येकी दोन-तीन सेट (म्हणजे मध्ये थांबून दोन-तीन फेऱ्या). रेप्स 6 ते 12, सेट संपताना अजून एक-दोनच निघाले असते इतपत दमलेलं पाहिजे. हलक्या वजनानेही स्नायू वाढतात बरं का, पण तेव्हाही पार दमेपर्यंत जावं लागतं, आणि तिथपर्यंत जातं कोण? उपाशीपोटी थकवा येतोच, तेव्हा एखादा सेट कमी करा, डंबेल तोच ठेवा.

आणि प्रोटीन. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत तरुण पोरांना चार आठवडे 40 टक्के कमी कॅलरी देऊन जबरदस्त व्यायाम करवला, ज्यांना वजनाच्या दर किलोमागे 2.4 ग्रॅम प्रोटीन होतं त्यांची चरबी 4.8 किलो गेली आणि वर स्नायूंच्या बाजूला 1.2 किलोची भर पडली. 1.2 ग्रॅमवाल्यांचे स्नायू जेमतेम टिकले. इतकं टोकाला जायची गरज नाही, पण वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम असतं हे धरलं तर नुसत्या वरणभातावर भागत नाही, अंडी, पनीर, सोया चंक्स, चिकन काहीतरी लागतंच. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

मी आता वही ठेवतो. जानेवारीतलं पान: वजन 84, डंबेल रो (वाकून डंबेल ओढायचा) 17.5 किलो, तीन सेटमध्ये रेप्स 9-9-8. एप्रिलचं: वजन 79, डंबेल रो 17.5 किलो, 9-9-8. शेजारचा म्हणाला, अरे काहीच प्रोग्रेस नाही तुझी.