चार इंची स्पीकर आणि शंभर वादक

माझ्याकडे चार इंची फुलरेंज स्पीकरची जोडी आहे, म्हणजे एकच कागदी कोन, खालच्या सुरांसाठी वेगळा वूफर नाही की वरच्या सुरांसाठी ट्वीटर नाही. त्यावर तानपुरा आणि एखादा गायक लावला की माणूस समोर बसून गातोय असं वाटतं, खोटं नाही सांगत. पण परवा सिम्फनी लावली, शंभरएक वादकांची, सुरुवातीची बासरी झकास आणि मग सगळे एकदम सुटले तिथे नुसता गलका, व्हायोलिन कुठलं ट्रम्पेट कुठलं काही कळेना.

मोबाईलचा टॉर्च कोनावर मारला. टिंपनीवर (आपल्या नगाऱ्याचं विलायती भावंडच ते) टिपरू पडलं की कोन डोळ्याला दिसेल इतका मागेपुढे उडत होता. आता त्याच क्षणी त्याच कोनाने व्हायोलिनची बारीक थरथरही काढायची, म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत बसून सही करायची. खालचा सूर वरच्याला हलवतो आणि मूळ संगीतात नसलेल्याच फ्रिक्वेन्सी तयार होतात, ह्याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. एकट्या गायकाच्या वेळी तो दणका नसतोच, म्हणून बिंग फुटत नाही.

डबल बासचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं, दोन सप्तकं खाली तर सोळापट! चार इंची बिचारा किती हलणार? बारा इंचीचं क्षेत्रफळ ढोबळमानाने नऊपट, तो जरासा सरकला तरी भागतं.

बरं व्हॉल्यूम वाढवावा तर दर १० डेसिबलला दसपट वॉट लागतात. १ वॉटला १ मीटरवर ८५ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला १०५ गाठायला १०० वॉट हवेत, आणि त्यातला अर्धा टक्कासुद्धा आवाज होत नाही, बाकी सगळी कॉइलमधली (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि नेमका क्लायमॅक्सलाच आवाज बसतो.

गंमत म्हणजे ४१ हर्ट्झ स्पीकरमधून आलाच नाही तरी ८२, १२३, १६४ हे त्याचे वरचे स्वर ऐकून मेंदू पायाचा सूर स्वतःच भरून काढतो. सूर ओळखू येतो, छातीत धडधडत मात्र नाही.

शेवटी माळ्यावरचा जुना बारा इंची वूफर काढला, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करून वाटून देणारं सर्किट) लावून २०० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्या गळ्यात घातलं. परत टॉर्च मारला तर चार इंची कोन जवळजवळ स्तब्ध, आणि व्हायोलिन सुटं ऐकू येतंय.