विज्ञान-लघुकादंबरी

लघुकथेहून मोठी, कादंबरीहून आटोपशीर आणि एखाद्या वैज्ञानिक शक्यतेवर उभी असलेली कथनकृती. ‘असे झाले तर?’ हा एकच प्रश्न ती शेवटपर्यंत ताणते. उपकथानकांचा पसारा तिला सोसत नाही.

मराठी समीक्षेने विज्ञानसाहित्याची दखल तशी उशिराच घेतली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली, तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जयंत नारळीकरांचे टोपणनाव. आद्याक्षरे फक्त उलटी केलेली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचा उल्लेख केला. तरीही ‘विज्ञान जास्त, वाङ्मय कमी’ हा शेरा या प्रकाराला चिकटला तो चिकटलाच. तो अगदीच खोटा नाही: पात्रे पुष्कळदा माहिती सांगण्यापुरतीच बोलतात.

लांबीची अडचण वेगळी, आणि ती खानदेशात जास्त जाणवते. खानदेशातल्याच सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथेला क्षुद्र ठरवून कादंबरीला वरचे पान वाढले. मधल्या आकाराच्या कृतीने मग कोणत्या पंगतीला बसावे? एका कल्पनेच्या बळावर चालणाऱ्या लेखनाकडे कादंबरीइतका समाजपट मागणे हा मापाचा दोष, कृतीचा नव्हे.

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ खानदेशी वाचकाने घरच्या संदर्भात वाचून पाहावी. जुन्या, लोपलेल्या संस्कृतीने पुरून ठेवलेले ज्ञान आजच्या शास्त्रज्ञांच्या हाती लागते, अशी तिची कल्पना. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात असे ज्ञान जपल्याची दगडी खूण खरोखर सापडली आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या गणित-ज्योतिषावरील ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, शके ११२८ चा उल्लेख असलेला शिलालेख ते सांगतो. (हा ज्योतिषी चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावरचे गाव ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो वाघावर बसणारा चौदाशे वर्षांचा योगी निराळा.) मठ गेला, दगड राहिला. नारळीकरांच्या कथेत मात्र सापडलेले ज्ञान यंत्रमानव घडवण्यापर्यंत जाते आणि संकट होऊन उभे राहते. पूर्वजांचे ज्ञान म्हणजे वरदानच, हे गृहीतच ती मोडते. तिच्यावर बोलताना समीक्षकांनी पात्रांच्या पुठ्ठेपणाआधी हा उलटा डाव पाहायला हवा होता.