कुटुंबमूल्य चळवळ, अमेरिकेतील

विवाहित स्त्री-पुरुष आणि त्यांची मुले यांचे कुटुंब हा समाजाचा पाया मानून कायदे, करव्यवस्था व शालेय शिक्षण त्यास पोषक असावे, असा आग्रह धरणारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील चळवळ. तिचे बळ प्रामुख्याने इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट, रोमन कॅथलिक व मॉर्मन समाजांत असून राजकीय आश्रय बव्हंशी रिपब्लिकन पक्षाचा आहे.

चळवळीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या रो खटल्याच्या निकालातून ती उद्भवली, असे सामान्यतः मानले जाते. मात्र सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशन या मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपातास मुभा देणारा ठराव केला होता. त्यामुळे हे मत अपुरे ठरते. इतिहासकार रँडल बामर यांच्या मते खरे निमित्त वेगळे होते : वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी शाळांची करसवलत काढून घेण्यात आली, त्यातून धार्मिक नेते संघटित झाले. इतिहासकार डॅनियल विल्यम्स हे चळवळीची मुळे त्याआधीच्या दशकांत शोधतात. धोरणांपुरते पाहिल्यास १९७१-७२ हा काळ अधिक निर्णायक वाटतो. राष्ट्रव्यापी बालसंगोपन केंद्रांचे विधेयक राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७१ मध्ये नाकारले, तेव्हा मुलांचे संगोपन कुटुंबकेंद्री असावे, हे एक कारण त्यांनी दिले होते. मार्च १९७२ मध्ये स्त्री-पुरुषांना कायद्याने समान हक्क देणारी घटनादुरुस्ती (समान हक्क दुरुस्ती) काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, संमत केली व तिच्या विरोधात फिलिस श्लाफ्ली या पुराणमतवादी कार्यकर्तीने मोहीम उघडली. दुरुस्तीस ३८ राज्यांची मान्यता हवी होती. १९७७ पर्यंत ३५ राज्यांची मिळाली आणि वाढवून दिलेली मुदत १९८२ मध्ये संपली. ही लढत मुख्यतः गृहिणींनी लढवली. इलिनॉयच्या विधानसभा सदस्यांना त्या घरी भाजलेले पाव व मुरंबे नेऊन देत. चळवळीचे श्रेय केवळ धर्मोपदेशकांना देणारे लेखन या स्त्रियांवर अन्याय करते.

जेम्स डॉब्सन यांची ‘फोकस ऑन द फॅमिली’ (१९७७) आणि जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ (१९७९) या संस्था या मोहिमेच्या आरंभानंतरच्या. सिनेटर लॅक्झॉल्ट यांचे कुटुंब संरक्षण विधेयक (१९७९) संमत झाले नाही.

ठोस कायदे १९९० नंतरचे होत. १९९६ च्या कल्याणकारी मदतविषयक कायद्याच्या आरंभीच विवाह हा यशस्वी समाजाचा पाया असल्याचे म्हटले आहे. त्याच वर्षी केंद्रीय कायद्यापुरती विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती मर्यादित करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या ओबरगेफेल निकालाने समलिंगी विवाहास देशभर मान्यता मिळाली. लुइझियानाने १९९७ मध्ये ‘करारबद्ध विवाह’ हा ऐच्छिक प्रकार आणला. त्यात विवाहापूर्वी समुपदेशन सक्तीचे असून घटस्फोटास व्यभिचार, गंभीर गुन्ह्याची शिक्षा, परित्याग, छळ वा दीर्घकाळ विभक्त राहणे असे कारण दाखवावे लागते. ॲरिझोना (१९९८) व आर्कान्सा (२००१) यांनी तो स्वीकारला, परंतु तिन्ही राज्यांत फार थोड्या जोडप्यांनी तो निवडला आहे.