सौर पंपाचा फॉर्म भरायच्या आधी सातबारा काढून बघा

'मागेल त्याला सौर कृषी पंप' हे सरकारी योजनेचं नाव वाचून वाटतं की मागितला की मिळाला. महावितरणच्या पोर्टलवर फॉर्म भरायला फार डोकं लागत नाही, अर्ज अडकतो तो सातबाऱ्यावर.

विहीर शेतात आहे, वर्षानुवर्षं तिच्यावर इंजिन चालतंय, पण सातबाऱ्यावर नोंदच नाही. बोअरचं तर विचारूच नका, बोअर मारताना नोंदीची आठवण कुणाला असते! आणि साहेबांना शेतातली विहीर दिसत नाही, कागदावरचीच दिसते. म्हणून आधी तलाठ्याकडे जा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, चकरा तेवढ्याच), नोंद करून घ्या, नवा उतारा काढा आणि मगच फॉर्म भरा. आत्ता जुनाच टाकतो, नंतर बघू, असं केलं की अर्ज परत आलाच म्हणून समजा. शेततळं किंवा बारमाही नदी-नाला असेल तरी चालतं, पण जलसंधारणाच्या बंधाऱ्यातलं साठवलेलं पाणी चालत नाही.

दुसरी भानगड सामाईक खात्याची. सातबाऱ्यावर पाच नावं, त्यातली आत्या मुंबईला आणि एक चुलता बोलत नाही, तरी सगळ्यांचं ना-हरकत स्टँप पेपरवर लागतंच, त्यामुळे सणाला सगळे गावी आले की तेव्हाच सह्या उरकून घ्या. डार्क झोनमधल्यांना (म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी फार उपसलं गेलंय) भूजल विभागाचा दाखलाही लागतो.

जमीन अडीच एकरापर्यंत असेल तर ३ एचपीचा पंप, पाचपर्यंत ५, त्यावर साडेसात. जास्तीचा मागून मिळत नाही, कमीचा घेता येतो.

तुमचा हिस्सा १० टक्के, एससी-एसटीला ५ (जातीचा दाखला जोडा), बाकी केंद्र आणि राज्य भरतं. मोटारीला आधीच लाईट कनेक्शन असेल तर तिथे सौर मिळणार नाही, पण लाईटसाठी कोटेशनचे पैसे भरून वर्षानुवर्षं ताटकळलेले पात्र आहेत. त्यांना पोल-तारा देण्यापेक्षा पॅनल द्यायचं असं धोरणच आहे, तुम्हाला पटो न पटो.

पैसे पोर्टलवरच भरा, कुसुमच्या (केंद्राची सौर पंपांची योजना) नावाने खोट्या वेबसाईट आहेत. मग यादीतली कंपनी निवडायची, जॉइंट सर्व्हे, म्हणजे शेताची एकत्र पाहणी होते. वाहतुकीचे, खड्ड्यांचे वरचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, आणि पाईपातून पाणी पडताना स्वतः बघितल्याशिवाय पंप बसल्याच्या कागदावर सही करू नका. पाच वर्षांची गॅरंटी आणि विमा आहे, ते कागद मात्र पिशवीत नीट जपून ठेवा.