मशीन घेण्याआधी : रिकिबीची गोष्ट

दुकानात पाय ठेवताच बरेच जण विचारतात, "कानाचं मशीन केवढ्याला?" भाव सांगतो, पण कान तपासल्यावर. कारण सगळा बहिरेपणा एका जातीचा नसतो.

शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत मागावर वीस-पंचवीस वर्षं काढलेल्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या आतल्या कानातल्या नाजूक पेशी खटखटाटानं मेलेल्या असतात. त्या परत उगवत नाहीत आणि ऑपरेशनचाही उपयोग नसतो. तिथं मशीनच. त्याच गल्लीतल्या पस्तिशीच्या एखाद्या बाईची तऱ्हा वेगळी असते. ती हळू आवाजात बोलते आणि शांत घरापेक्षा माग चालू असताना किंवा एसटीत तिला बरं ऐकू येतं. घरचे म्हणतात, "सोयीचं तेवढं ऐकते." तसं नसतं हो! गोंगाट तिच्यापर्यंत फारसा पोचत नाही, आणि समोरचा माणूस मात्र आवाज चढवून बोलतो. अशा कानातली रिकीब, म्हणजे आवाज आत पोचवणारं इवलंसं हाड, जखडलेली असू शकते.

हातोडी, ऐरण, रिकीब ही कानातली तीन हाडं शाळेत शिकलेली आठवत असतील. रिकीब जेमतेम तीन मिलीमीटरची. भोवतीचं हाड वाढलं की ती हलेनाशी होते. या आजाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. तो बायकांत जास्त दिसतो, कधी घराण्यात चालत येतो आणि काहींना बाळंतपणानंतर जाणवू लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही सर्जनांनी रिकीबच काढून पाहिली. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, संसर्ग मेंदूपर्यंत जाण्याची भीती होती, म्हणून मोठ्या डॉक्टरांनीच तो प्रकार बंद पाडला. पुढं १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे सॅम्युएल रोझेन रिकीब खरंच घट्ट आहे का ते चाचपत होते. ती सुटली आणि टेबलावरच्या रोग्याला तिथल्या तिथं ऐकू आलं! पण सुटलेली रिकीब बऱ्याचदा पुन्हा जखडायची. अमेरिकेतल्या मेम्फिसचे जॉन शे यांनी मोडीत निघालेली जुनी वाट पुन्हा धरली. १ मे १९५६ रोजी त्यांनी एका बाईची रिकीब काढून टेफ्लॉनची बसवली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी कानालाच वाहिली.

आता सहसा अख्खी रिकीब काढत नाहीत. तिच्या तळाला बारीक भोक पाडून पिस्टन, म्हणजे दांडीसारखा छोटा कृत्रिम भाग, बसवतात. बहुतेकांना चांगला गुण येतो, तरी शंभरात एखाद्याचं त्या कानाचं ऐकणं पार जाऊ शकतं. हे सर्जनला स्पष्ट विचारा. ऑपरेशन नको असेल, तर अशा कानाला मशीनही छान लागू पडतं.

तपासणीत रिकिबीचा संशय आला, तर आम्ही मशीन न विकता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं पाठवतो. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. कान वाहत असेल तरी आधी डॉक्टरच. आणि एका रात्रीत ऐकू येणं बंद झालं, तर आमच्याकडं येण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणीला येताना जुने रिपोर्ट आणा. कानात तेल घालून मात्र येऊ नका, पडदा नीट दिसत नाही.