शनिवार दुपारचे बोलिंग : ‘सुरुवातीचा काळ’ म्हणजे नेमका कोणता?

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक बोलिंगच्या (लांब गुळगुळीत पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड चेंडू सोडून टोकाशी मांडलेल्या दहा पिना पाडण्याच्या खेळाच्या) ‘सुरुवातीच्या दिवसां’विषयी हळवेपणाने बोलले जाते, तेव्हा त्या एका शब्दप्रयोगात तीन निरनिराळे काळ गुंतलेले असतात. पहिला काळ १९५०च्या दशकाचा. त्या वेळी शिकागोसारख्या शहरांत कृष्णधवल फिल्मवर सामने चित्रित होत आणि त्यांची रिळे गावोगावच्या केंद्रांना विकली जात. दुसरा काळ १९६०च्या दशकाच्या आरंभीचा, जेव्हा व्यावसायिक दौऱ्यातील, म्हणजे गावोगावी भरणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेतील, अंतिम सामने एका राष्ट्रीय वाहिनीवर शनिवारी दुपारी थेट दाखवले जाऊ लागले. तिसरा काळ १९७०च्या उत्तरार्धाचा. आज आठवणी सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला काळ हाच आहे आणि ‘सुरुवातीचा’ हे विशेषणही बहुधा त्यालाच लावले जाते. मराठीत ‘बोलिंग’ म्हटले की डोळ्यांसमोर क्रिकेटचा गोलंदाज उभा राहतो, तो घोटाळा निदान सहज सुटणारा आहे. हा तितका सहज सुटत नाही. प्रस्तुत टिपणाचा भर दुसऱ्या काळावर आहे, कारण आज परंपरा म्हणून जे जपले जाते त्यातील बहुतेक त्याच काळात घडले.

त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. १९५०च्या दशकाच्या आरंभी पिना आपोआप मांडणारी यंत्रे बाजारात आली, पिना उचलून मांडणाऱ्या मुलांची गरज संपली आणि बोलिंगची केंद्रे उपनगरांत झपाट्याने उभी राहिली. मात्र तेव्हाची प्रतिष्ठा एकेकट्या खेळाडूची नव्हती, ती पाच जणांच्या संघाची होती, आणि हे संघ प्रामुख्याने बिअर कंपन्यांच्या पैशावर चालत. सेंट लुईसच्या अशाच एका संघाने मार्च १९५८मध्ये तीन डावांत मिळून ३,८५८ पिनांची, म्हणजे गुणांची, बेरीज केली. तो विक्रम पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला. पाच खेळाडूंचा असा संघ छोट्या पडद्यावर नीट मावत नाही. कोण टाकतो आहे, त्याची कितवी फ्रेम (डावातील दहा पाळ्यांपैकी एक) आहे आणि संघाची बेरीज किती झाली, हे प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळणे अवघड असते. दूरचित्रवाणीने संघ मोडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण तिने संघाला चौकटीबाहेर ठेवले, एवढे निश्चित.

एकास एक असा सामना मात्र त्या माध्यमाला नेमका मानवला. खेळ बंदिस्त जागेत होत असे, प्रकाश हातात असे, चेंडू कुठून कुठे जाणार हे आधीच ठाऊक असे आणि दोन-तीन कॅमेऱ्यांत काम भागत असे. शिवाय पिना कोसळण्याचा आवाज निवेदकाच्या मदतीशिवायही कळत असे. तरीही वाहिन्यांनी या खेळाकडे प्रथम पाहिले ते भरणा म्हणून. मुष्टियुद्धाची लढत लवकर आटोपली की उरलेल्या वेळेत काय दाखवायचे, या अडचणीतून १९५९ आणि १९६०मध्ये दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर बोलिंगचे छोटे कार्यक्रम सुरू झाले. त्यांपैकी एकात सलग सहा स्ट्राइक (पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडणे) टाकणाऱ्यास साठत गेलेले मोठे बक्षीस मिळे. जानेवारी १९६१मध्ये डेट्रॉइटच्या एका खेळाडूने ही किमया साधून ७५,००० डॉलर नेले. दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे १९५९मध्ये, व्यावसायिक दौऱ्याच्या पहिल्या हंगामात तिन्ही स्पर्धांची मिळून बक्षिसाची रक्कम ४९,५०० डॉलर होती. सहा चेंडूंची कमाई संपूर्ण हंगामापेक्षा जास्त असेल, तर खेळाडूंचे लक्ष कोणीकडे वळेल हे वेगळे सांगायला नको.

तो दौरा उभा केला ओहायोतील ॲक्रनच्या एका वकिलाने. १९५८मध्ये तेहतीस खेळाडूंना सभासद करून त्याने संघटना स्थापली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी, न्यू जर्सीतील पॅरामस आणि ओहायोतील डेटन येथे स्पर्धा भरल्या. येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. हौशी खेळाडूंचे नियमन करणारी १८९५ची जुनी संघटना आणि पुढे हा दौरा दाखवणारी वाहिनी यांची इंग्रजी आद्याक्षरे एकच आहेत, त्यामुळे जुनी कात्रणे वाचताना मान्यता कोणी दिली आणि प्रक्षेपण कोणी केले याची सरमिसळ सहज होते. याच सुमारास शहरांच्या नावाने दहा संघांची एक व्यावसायिक लीगही सुरू झाली होती, आणि तिच्यासाठी प्रेक्षागृहासारखी बांधकामेही झाली. तिला दूरचित्रवाणीचा करार मिळाला नाही, आणि १९६१-६२चा एकच हंगाम खेळून ती बंद पडली. दौरा तगला आणि लीग बुडाली यामागे अनेक कारणे असतील, परंतु कॅमेरा कोणाकडे होता हे त्यांतील सर्वांत वजनदार कारण दिसते.

आता मुख्य वादाकडे वळता येईल. त्या प्रक्षेपणांच्या आठवणीत जी गोष्ट सर्वांत खोल रुजली आहे, ती म्हणजे अंतिम फेरीची ‘स्टेपलॅडर’, म्हणजे शिडीची पद्धत. आठवडाभराच्या खेळानंतर वरचे काही खेळाडू (सुरुवातीला चार, पुढे पाच) अंतिम फेरीत येतात. पाचवा आणि चौथा यांच्यात एक डाव होतो, जिंकणारा तिसऱ्याशी खेळतो, त्यातील विजेता दुसऱ्याशी, आणि अखेर उरलेला पहिल्याशी. एका डावाला साधारण पाव तास लागतो, असे चार डाव जाहिरातींसह दीड तासात बसतात आणि प्रत्येक डावाअखेर कोणीतरी बाद होतो. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्याला याहून सोयीचे काही सापडणे कठीण होते.

खेळाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. या पद्धतीने बाजूला सारलेली जुनी रीत लांबलचक होती. शिकागोत १९४१पासून भरणाऱ्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत प्रत्येक जिंकलेल्या डावाचा एक गुण आणि पाडलेल्या दर पन्नास पिनांमागे एक गुण, असा हिशेब अनेक दिवस चाले आणि शेवटी बेरजेत जो पुढे तो विजेता ठरे. नशिबाला त्यात वाव कमी होता आणि नाट्यालाही. अखेरचा दिवस उजाडण्यापूर्वीच निकाल लागून गेला आहे, असेही होऊ शकत असे. दौऱ्याने या दोन्हींची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. १९७०च्या दशकातील नेहमीचा आठवडा पाहिला तर पात्रतेचे अठरा डाव होत, त्यातून चोवीस जण पुढे येत, प्रत्येक जण उरलेल्या तेवीस जणांशी एकेक डाव खेळे आणि चोवीसावा डाव क्रमवारीनुसार होई. प्रत्येक विजयाला वरून बोनसच्या पिना मिळत. असे बेचाळीस डाव खेळून जो पहिला येई, त्याची आघाडी कधीकधी शेकडो पिनांची असे. शनिवारी दिवे लागले की ती आघाडी शून्य होई. तिच्या मोबदल्यात त्याला दोनच गोष्टी मिळत, शेवटपर्यंत बसून राहण्याचा हक्क आणि किमान दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेची खात्री.

बसून राहणे हा हक्क की शिक्षा, यावर खेळाडूंमध्ये कधीच एकमत नव्हते. खालून चढत आलेला खेळाडू त्याच दोन लेनवर तीन डाव खेळून आलेला असे. लेनवर लावलेले तेल कुठे विरळ झाले आहे, चेंडू कुठे वळतो आहे आणि कॅमेऱ्यासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांखाली पृष्ठभाग कसा बदलतो आहे, हे त्याच्या हाताला कळलेले असे. आघाडीवीर मात्र तासाभराच्या बैठकीनंतर, सरावाचे मोजके चेंडू टाकून, एका डावासाठी उभा राही. त्या एका डावात एखादी स्प्लिट पडली, म्हणजे उरलेल्या पिनांमध्ये मोठी फट राहिली, की बेचाळीस डावांची मेहनत गेली. विजेतेपदांच्या नोंदवहीत नाव जाई ते शनिवारी जिंकणाऱ्याचे, आठवडाभर पुढे असणाऱ्याचे नव्हे. पद्धतीच्या समर्थकांचे उत्तर असे, की जो दबावाखाली एक डाव जिंकू शकत नाही त्याला विजेता का म्हणावे, आणि ज्या प्रक्षेपणातून बक्षिसाचे पैसे येतात त्याच्या सोयीने शेवट ठरला तर बिघडले कुठे? १९५९च्या त्या ४९,५०० डॉलरवरून १९६३पर्यंत हंगामाची एकूण रक्कम दहा लाखांच्या पुढे गेली, आणि १९६५मध्ये ॲक्रन येथील विजेत्यांच्या एकाच स्पर्धेत एक लाख डॉलर वाटले गेले. हे आकडे पाहता समर्थकांची बाजू उचलून धरणे सोपे आहे. तरीही एक गोष्ट त्यातून सुटते. शिडीने फक्त निकाल बदलले नाहीत, प्रेक्षकाची स्मृतीही बदलली. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू चार सामने जिंकला तर पडद्यावर तो दीड तास दिसे आणि अव्वल खेळाडू पंधरा मिनिटे. त्यामुळे अनेकांच्या आठवणीतला नायक हा चढून आलेला माणूस असतो, आणि बेचाळीस डावांचा मानकरी टाळ्या वाजवत कडेला बसलेला.

गमतीचा भाग पुढे आहे. सन २०००नंतर नव्या मालकांनी काही हंगाम शिडी काढून थेट बाद पद्धत आणली, तेव्हा जुन्या प्रेक्षकांची तक्रार अशी होती की खेळाचा मूळ गाभाच गेला. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकासाठी बेतलेली व्यवस्था चाळीस वर्षांत ‘मूळ’ झाली होती. कालांतराने शिडी परत आली आणि हा विजय परंपरेचा मानला गेला.

‘पहिला’ हा शब्दही असाच अडचणीचा आहे. दूरचित्रवाणीवरील पहिला ३००चा परिपूर्ण डाव (बाराही चेंडूंवर स्ट्राइक) एप्रिल १९६७मध्ये ॲक्रन येथे झाला, असे सर्रास लिहिले जाते. राष्ट्रीय प्रक्षेपणातील व्यावसायिक अंतिम फेरीपुरते ते खरे आहे. पण १९५३मध्येच न्यू जर्सीत एका खेळाडूने थेट प्रक्षेपणात बारा स्ट्राइक टाकले होते. तो सामना प्रादेशिक होता आणि दौराही तेव्हा अस्तित्वात नव्हता, म्हणून तो यादीत खाली ढकलला जातो. १९६७नंतर राष्ट्रीय पडद्यावर असा डाव १९६९ आणि १९७४मध्ये दिसला आणि त्यानंतर थेट १९८७मध्ये, जेव्हा कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे त्याला एक लाख डॉलरचे बक्षीस लागले होते.

त्या काळचा खेळ निव्वळ कौशल्याचा होता आणि साहित्याचे महत्त्व नंतर वाढले, ही समजूत तपासून घ्यावी लागते. १९७३मध्ये एका खेळाडूने रासायनिक द्रावणात भिजवून मऊ केलेले प्लॅस्टिकचे चेंडू वापरून एका वर्षात सहा विजेतेपदे मिळवली. मऊ चेंडू लेनला अधिक धरतो आणि अधिक वळतो. त्यावर बंदोबस्त म्हणून चेंडूच्या किमान कठीणपणाचा नियम आला. १९९०च्या आरंभी आलेल्या रेझिनच्या चेंडूंनी खेळ बदलला हे खरे आहे, परंतु तो त्यापूर्वीही एकदा बदललेला होता.

आठवणीतून आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे तेथे कोण नव्हते. हौशी खेळाच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त गौरवर्णीय पुरुषांना देणारे कलम १९५०पर्यंत होते. ते गेले तरी दौऱ्यावर कृष्णवर्णीय खेळाडूने पहिले विजेतेपद जिंकायला १९८६ साल उजाडावे लागले. स्त्रियांची स्वतंत्र व्यावसायिक संघटना १९६०च्या सुमारास उभी राहिली होती आणि १९५०च्या दशकातील सर्वांत यशस्वी नावांपैकी एक मिशिगनच्या एका महिलेचे होते. शनिवारची दुपार मात्र पुरुषांच्या दौऱ्याची राहिली.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९७५मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकोमाच्या डावखुऱ्या खेळाडूने एका हंगामात एक लाख डॉलरची मर्यादा प्रथमच ओलांडली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस देशभरातील हौशी लीगच्या सभासदांची संख्या शिखरावर होती, आणि तेथून ती उतरत गेली. प्रेक्षकही त्याच सभासदांतून येत असल्यामुळे ते आणि त्यांच्यासोबत कार्यक्रम वयस्क होत गेला. जाहिरातदारांना तरुण हवे होते. जून १९९७मध्ये इलिनॉयमधील फेअरव्ह्यू हाइट्स येथून शेवटचे प्रक्षेपण झाले आणि पस्तीस वर्षांची मालिका संपली. २०००मध्ये सॉफ्टवेअर उद्योगातून आलेल्या तिघांनी सुमारे पन्नास लाख डॉलरना संघटनाच विकत घेतली. २०१९मध्ये ती बोलिंग केंद्रांच्या एका मोठ्या साखळीकडे गेली आणि प्रक्षेपणही नव्या वाहिनीवर आले. एप्रिल २०२१मध्ये रेनो येथे अठरा वर्षांच्या एका खेळाडूने ७-१०ची स्प्लिट, म्हणजे मागच्या ओळीच्या दोन टोकांना उरलेल्या दोन पिना, एकाच चेंडूत पाडली. राष्ट्रीय पडद्यावर तसे प्रथम १९८०मध्ये कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे घडले होते, नंतर १९९१मध्ये दोनदा, आणि मग तीस वर्षांत एकदाही नाही.

१९८०ची ती चित्रफीत आज हवी तेव्हा पाहता येते. १९५०च्या दशकातील शिकागोचे सामने पाहता येतात, ते मुळात फिल्मवर घेऊन अनेक केंद्रांना विकलेले होते म्हणून. दौऱ्याचे जुने अंतिम सामनेही संघटनेने स्वतः खुले केले आहेत, आणि आजच्या तरुण चाहत्यांची ओळख त्यांवरच झालेली आहे. शनिवारच्या आधीचे ते बेचाळीस डाव मात्र प्रक्षेपणाचा भाग कधीच नव्हते. त्यांच्या खुणा म्हणून गुणपत्रिकांवरील आकडे तेवढे शिल्लक आहेत.