एका लढाऊ विमानासाठी तीन मजले

प्रवासी विमान आकाशात फार शहाण्यासारखं वागतं. कुठून निघणार, कुठल्या बिंदूवर वळणार, किती उंचीवर राहणार, हे सगळं त्याने आधीच कळवलेलं असतं. म्हणून रडारसमोर बसलेल्या नियंत्रकाचं लक्ष विमान आत्ता कुठे आहे यापेक्षा पाच मिनिटांनी ते कुठे असेल, याकडे जास्त असतं. लढाऊ विमानाच्या सरावात नेमका हाच अंदाज चुकतो. ते अचानक वळतं, सूर मारतं, जवळजवळ उभं वर चढतं. समोरच्याला गाफील ठेवणं हेच तर त्याचं काम!

दोघांना एकत्र नांदवायचं तर सोपा उपाय म्हणजे सरावासाठी आकाशाचा एक तुकडा राखून ठेवायचा. मग प्रवासी विमानं त्याला वळसा घालतात, इंधन जास्त जळतं आणि उरलेल्या वाटांवर गर्दी होते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीजवळ दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण मरण पावले. त्यातलं एकही विमान लष्कराच्या सरावात नव्हतं. थेट कारण असं की, उतरणारं विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं. पण दिल्लीच्या आसपासची बरीच हवाई हद्द वायुदलाकडे असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच पट्टा वापरावा लागत होता, हेही तितकंच खरं.

लष्करी विमान राखीव क्षेत्राबाहेर, नेहमीच्या वाहतुकीत आलं की हिशोब आणखी बदलतो. 29 हजार ते 41 हजार फुटांच्या पट्ट्यात दोन प्रवासी विमानांमध्ये 1000 फुटांचं उभं अंतर पुरतं, कारण त्यांची उंची मोजणारी यंत्रणा तेवढी अचूक असल्याचं प्रमाणित झालेलं असतं. बऱ्याच लढाऊ विमानांकडे हे प्रमाणपत्र नसतं, म्हणून त्यांच्या वर आणि खाली 2000 फूट ठेवावे लागतात. ते 35 हजारांवर असेल तर जवळपासच्या विमानांना 34 आणि 36 हजारही बंद. एकट्यासाठी तीन मजले! नाहीतर आडवं अंतर ठेवायचं, म्हणजे रडारवर साधारण 5 सागरी मैल, सव्वानऊ किलोमीटर.

विमानं तुकडीने उडत असतील तर आणखी एक पेच. सहसा फक्त म्होरक्याच ट्रान्सपाँडर (रडारच्या हाकेला ओळख आणि उंचीचं उत्तर देणारं उपकरण) चालू ठेवतो, म्हणजे नियंत्रकाच्या पडद्यावर चार विमानांचा एकच ठिपका उमटतो. प्रवासी विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणाही ट्रान्सपाँडरच्या उत्तरावरच चालते. बाकीची तिच्या लेखी नाहीतच. शिवाय लढाऊ विमान भन्नाट वेगाने वर येत असेल, तर ते हजार फूट खालीच थांबणार आहे हे त्या यंत्रणेला ठाऊक नसतं. ती विनाकारण वैमानिकाला वर चढायला सांगू शकते.

रेडिओचंही तेच. नागरी विमानं व्हीएचएफ या रेडिओ लहरींवर बोलतात, लष्करी बहुधा यूएचएफ या वेगळ्या लहरींवर. नियंत्रकाला दोन्ही ऐकू येतात, पण वैमानिकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. इतरांचं बोलणं ऐकून आजूबाजूला कोण आहे याचा अंदाज घ्यायची वैमानिकांची सवय इथे उपयोगी पडत नाही.

1971 च्या उन्हाळ्यात हे सगळं फार महागात पडलं. जूनमध्ये कॅलिफोर्नियात ट्रान्सपाँडर बंद पडलेलं एक एफ-4 लढाऊ विमान प्रवासी विमानावर आदळलं. 50 जण गेले. जुलैमध्ये जपानमधल्या शिझुकुइशीवर सराव करणाऱ्या एफ-86 लढाऊ विमानाची बोइंग 727 या प्रवासी विमानाशी टक्कर झाली आणि बोइंगमधले सर्व 162 जण दगावले. लढाऊ विमानातला प्रशिक्षणार्थी पॅराशूटमुळे वाचला. त्यानंतर जपानने सरावाची क्षेत्रं आणि प्रवासी मार्ग वेगळे केले.

युरोपने 1996 पासून वेगळी वाट धरली: आकाश ना लष्कराचं ना नागरी, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्याने घ्यावं. आदल्या दिवशी वाटप ठरतं आणि सराव संपला की मार्ग मोकळा. मला हीच पद्धत शहाणपणाची वाटते, पण ती निरोपावर चालते. सराव अर्धा तास आधी आटोपला आणि ते नागरी नियंत्रकाला कोणी कळवलंच नाही, तर तो रिकाम्या आकाशाभोवती विमानं वळवत राहतो.